जुन्या फ्रिजचं सोडा मशीन करायचं तर

अमळनेर तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "एका दाराचा १६५ लिटरचा जुना फ्रिज ओसरीवर पडून आहे. चालू आहे, नवीन घेतला म्हणून हा बाहेर काढला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी-भाचरं येतात, तेव्हा दाराला नळ लावून घरचा सोडा काढायचा विचार आहे. एका व्हिडिओत पाण्याचा २० लिटरचा जार आणि आग विझवायचा लाल बाटला जोडून केलेलं पाहिलं. आपल्याला जमेल का?"

भाऊ, फ्रिज चालेल. जार चालणार नाही. आणि लाल बाटल्याला हातही लावू नका. आता का ते सांगतो. मी भुसावळला सव्वीस वर्षं फ्रिज आणि सोड्याची मशीनं दुरुस्त करतो. त्यामुळे उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

लोकांना वाटतं सोडा म्हणजे गॅसचा खेळ. आपल्या खानदेशात तरी तो आधी थंडाव्याचा खेळ आहे. पाणी जितकं गार तितका गॅस त्यात जास्त मुरतो. साधा हवेइतका दाब धरला तर एक लिटर पाण्यात शून्य अंशाला साधारण १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, २० अंशांना तोच पाऊण-एक लिटरवर येतो आणि ४० अंशांना अर्ध्या लिटरवर. चांगला झणझणीत सोडा, म्हणजे ज्याचा पहिला घोट नाकात जातो तो, त्याला लिटरमागे साडेतीन ते चार लिटर गॅस लागतो. पाणी ४ अंशांचं असेल तर हे काम २८-३० पीएसआय दाबात होतं, म्हणजे आपल्या भाषेत दोन किलो. तेच पाणी ३५ अंशांचं असेल तर पंच्याऐंशीच्या पुढे दाब लागतो. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारं पाणी ३५ च्या खाली कधी असतं का? म्हणून तो फ्रिज टाकाऊ समजू नका. तिप्पट दाबाचं काम तो थंडीवर करून देणार आहे. आणि दाब तिपटीने कमी म्हणजे धोकाही तितका कमी.

तेव्हा पहिलं काम फ्रिजची परीक्षा. ड्रिल नंतर. एक ग्लास पाण्यात थर्मामीटर बुडवून मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रिज चोवीस तास चालू द्या, तेही दुपारच्या उन्हाचा तास धरून. पाणी ५ अंशांच्या खाली आलं तर पुढे जा. नाही आलं तर आधी दाराचं रबर बघा. दहाची नोट दारात अडकवून ओढायची, सहज सुटली तर तिथून थंडी जातेय. मग मागची काळी जाळी बघा. ओसरीवर पडलेल्या फ्रिजच्या जाळीत कोळिष्टकं आणि कापसाचे तंतू असे बसतात की कॉम्प्रेसर बिचारा स्वतःच्याच उष्णतेत शिजतो. ब्रशने साफ करा आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. दहापैकी सहा-सात फ्रिज एवढ्यावरच ताळ्यावर येतात. 'गॅस भरून घ्या' म्हणणारा मेकॅनिक जाळीकडे न बघताच म्हणत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

ओसरीवर ठेवायचा असेल तर ऊन येणार नाही अशी बाजू बघा, आणि अर्थिंग तपासून घ्या. हे कंटाळवाणं वाटतं, पण पत्र्याचा फ्रिज, ओली फरशी आणि अनवाणी पोरं असं तिन्ही एकत्र येणार आहे. गावात व्होल्टेज खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर लावाच. वीज गेली-आली की कॉम्प्रेसरला तीन-चार मिनिटं थांबायला लागतं, नाहीतर तो घुरघुरून ट्रिप होत राहतो आणि एक दिवस जळतो.

आता भांड्याकडे येऊ, कारण जीव जाण्याची जागा हीच आहे.

व्हिडिओतला जार दोन किलो दाबाचं काय करेल ते सोपं गणित आहे. दोन किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो. माझ्याकडे एकदा चोपड्याचे एक काका दूध घालायचा अॅल्युमिनियमचा कॅन घेऊन आले होते. झाकणाला रबर बसवलेलं, वर लोखंडी पट्टी आवळलेली. म्हणाले, "भाऊ, याले फक्त नळ बसवून दे." मी त्यांच्यासमोर झाकण मोजलं, २० सेंटिमीटर. क्षेत्रफळ झालं ३१४ चौरस सेंटिमीटर. दोन किलोने गुणलं तर सव्वासहा क्विंटल. म्हटलं काका, झाकणावर सव्वासहा क्विंटल कापूस आतून ढकलतोय असं समजा, आणि तुम्ही त्याला सायकलच्या पट्टीने धरलंय. काका कॅन घेऊन गेले. पाण्याचा जार याच्याहून कच्चा. तो दाबासाठी बनलेलाच नाही. कुकर, आरओची टाकी, स्टीलची पाण्याची टाकी, रंगाचा ड्रम, सगळ्यांना हेच उत्तर.

वापरायचं ते केग. स्टेनलेस स्टीलचं, उभं, १९ लिटरचं, कोल्ड्रिंकच्या फाउंटन मशीनवर पूर्वी सिरपसाठी असायचं ते. त्यावर कमाल दाब १३० पीएसआय असं कोरलेलं असतं, आपल्याला ३० लागतात. वर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. आणि त्याचं झाकण बघण्यासारखं आहे. ते अंडाकृती असतं, तिरकं करून आत सोडायचं आणि आतून वर ओढून बसवायचं. म्हणजे आतला दाब झाकणाला उघडत नाही, उलट रबरावर आणखी घट्ट दाबतो. ही युक्ती तुम्ही लहानपणी हातात धरलेली आहे. गोटी सोड्याची बाटली आठवा. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. तिथेही गोटीला बूच लागत नाही, आतला गॅसच तिला मानेतल्या रबराच्या कड्यावर दाबून धरतो. म्हणूनच गोटी अंगठ्याने आत ढकलताना हात दुखायचा. केगच्या झाकणाचीही तीच गत. आत दाब असताना ते हाताने उघडणार नाही, आणि जोर करून उघडायचंही नाही. आधी रिलीफची कडी ओढून गॅस पूर्ण सोडायचा.

जुनं केग घेत असाल तर सगळ्या रबरी कड्या बदलून घ्या, नाहीतर तुमच्या सोड्याला कुठल्यातरी जुन्या संत्र्याच्या सिरपचा वास येईल. गंमत नाही, दहा-दहा वर्षं तो वास रबरात राहतो.

केगची उंची साधारण ६३ सेंटिमीटर, वर जोडण्या धरून ६८, आणि जाडी २२-२३. विकत घेण्याआधी पुठ्ठ्याची या मापाची नळकांडी करून फ्रिजमध्ये उभी करून बघा. खालच्या मागच्या बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो, तो विसरून लोक फसतात. भाजीचा ट्रे आणि मधल्या जाळ्या काढाव्या लागतील, दारातले बाटल्यांचे कप्पेही. बसत नसेल तर ९ लिटरचं केग मिळतं. पण वरच्या फ्रीजरखालचा प्लॅस्टिकचा ट्रे काढू नका. तो काढला की फ्रीजरची थंडी सरळ केगच्या डोक्यावर पडते आणि डिसेंबरात, जेव्हा आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा वरच्या नळ्यांत बर्फ धरून नळ बंद पडतो. थर्मोस्टॅटचा फुगा फ्रीजरला चिकटलेला असतो, त्याला केगमधल्या पाण्याचं काही कळत नाही. जमलं तर बाहेरून वेगळा डिजिटल थर्मोस्टॅट लावा आणि त्याची वायर केगला टेपने चिकटवा. ३ ते ४ अंश ठेवा.

आता गॅसचा बाटला. आग विझवायच्या बाटल्यात कार्बन डायऑक्साइडच असतो, हे खरं. पण त्याच्या आत बुडापर्यंत एक नळी सोडलेली असते, कारण त्यातून द्रव बाहेर पडावा अशीच रचना असते. त्याला रेग्युलेटर लावून उभा ठेवलात तर रेग्युलेटरमध्ये गॅसऐवजी द्रव घुसेल आणि त्याचा पडदा फाटेल. वर तो गॅस खाण्यापिण्याच्या प्रतीचा आहे याची खात्री कुणी देत नाही. सोड्याच्या बाटल्यात ती नळी नसते. तुमच्या जवळच्या एमआयडीसीत वेल्डिंगचा गॅस देणारे असतील, बरेचदा सोडावाल्यांनाही तेच देतात. त्यांच्याकडून फूड ग्रेड आहे असं बिलावर लिहून घ्या. बाटल्याच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते, पाच वर्षांच्या आतली आहे का बघा. रिकाम्या बाटल्याचं वजनही तिथेच ठोकलेलं असतं. भरून घेताना काट्यावर ठेवून घ्या, आणि दोन किलोचा असेल तर दोनच किलो, 'थोडा जास्त टाक भाऊ' असं चुकूनही म्हणू नका.

कारण ऐका. २० अंशांना या बाटल्यात ५७ बार दाब असतो (एक बार म्हणजे साधारण आपला एक किलो), म्हणजे ट्रकच्या टायरच्या सात-आठपट. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रव म्हणून राहूच शकत नाही, कितीही दाबा. मग सगळा माल गॅसासारखा ताणतो आणि दाब किती चढणार हे बाटला किती भरलाय त्यावर ठरतं. बरोबर भरलेला बाटला आपल्या ४५ अंशांत शंभर बारच्या बराच वर जातो, तरी टिकतो. जास्त भरलेला असला तर सुरक्षेची चकती फुटते आणि भर दुपारी घरात इंजिन सुटल्यासारखा आवाज होतो. पुण्या-नाशिकच्या माणसाने लिहिलेल्या सूचनांत हा धोका एका ओळीत असतो. आपल्याकडे तो एप्रिल ते जूनचा रोजचा आहे.

म्हणून माझं मत, बाटला लहान घ्या, दोन किलोचा, आणि तो केगशेजारी फ्रिजमध्येच उभा करा. ४ अंशांना आतला दाब ३९ बारच्या आसपास राहतो, उन्हाळा असो की हिवाळा. पट्ट्याने बांधा म्हणजे दार उघडताना कलंडणार नाही. आडवा कधीच नाही. आणि रेग्युलेटरवरचं बाटल्याच्या दाबाचं मीटर बघून 'गॅस अजून भरपूर आहे' असं समजू नका. आत थेंबभर द्रव असेपर्यंत काटा तिथेच उभा राहतो, मग दोन दिवसांत झोपतो. किती उरला ते काट्यावर वजन करूनच कळतं.

गळतीचं बोलायला हवं. एक किलो कार्बन डायऑक्साइड मोकळा झाला की साडेपाचशे लिटर जागा व्यापतो. दोन किलोचा बाटला दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच बंद खोलीत रिकामा झाला तर हवेत त्याचं प्रमाण जवळजवळ चार टक्के होतं, आणि चार टक्के ही जिवाला ताबडतोब धोका मानली जाणारी पातळी आहे. शिवाय तो हवेपेक्षा दीडपट जड, खाली साचतो. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर लावून पोरं फरशीवरच झोपतात. जुन्या विहिरीत उतरण्याआधी म्हातारी माणसं कंदील सोडून बघायची ना, ते याच गॅससाठी. तेव्हा मशीन ओसरीवर, व्हरांड्यात, जिथे वारा खेळतो तिथे. झोपायच्या खोलीत नाही, तळघरात नाही. ओसरीवर ठेवायचं तुम्ही आधीच ठरवलंय, ते अगदी बरोबर. आणि जुन्या फ्रिजला कडी-कुलूप असेल तर ते काढून टाका, लपाछपी खेळणारी पोरं कुठेही शिरतात.

रेग्युलेटर घेताना वेल्डिंगचा घेऊ नका. त्याचं दुसरं मीटर दाब दाखवत नाही, मिनिटाला किती लिटर गॅस जातो ते दाखवतं. आपल्याला बाहेरचा दाब पीएसआयमध्ये दाखवणारा हवा, स्वतःचा रिलीफ असलेला. बाहेरून मागवलेल्या रेग्युलेटरचे आटे आपल्याकडच्या बाटल्याला बसत नाहीत असं हमखास होतं. दुकानात जाताना बाटला सोबत घेऊन जा, तिथेच बसवून बघा. वॉशर नवा टाका. या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून गळती थांबवायचा खटाटोप करू नका, तिथे सील वॉशरच करतो.

आता माझी एक चूक. सुरुवातीच्या दिवसांत मी एका रसवंतीवाल्याला असंच एक मशीन करून दिलं होतं. जोडण्या सगळ्या पितळेच्या वापरल्या, कारण फ्रिजच्या कामात हाताला पितळ आणि तांबंच येतं. महिन्याभराने तो म्हणाला, सकाळचा पहिला ग्लास तोंडात धरवत नाही, नाणं चघळल्यासारखं लागतं. खोलून बघितलं तर एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आतून हिरवागार. सोडा म्हणजे सौम्य आम्लच, रात्रभर पितळेत उभा राहिला की तांबं ओढून घेतो. तसं पाणी पोटात गेलं की मळमळ, उलटी. नशीब, तो पहिला ग्लास फेकून देत होता. तेव्हापासून सोड्याचं पाणी जिथे जिथे लागतं तिथे स्टेनलेस ३०४ किंवा फूड ग्रेड प्लॅस्टिक, दुसरं काही नाही. गॅसच्या बाजूला, रेग्युलेटरपर्यंत, पितळ चालतं, पण रेग्युलेटर आणि केग यांच्यामध्ये एक स्टेनलेसचा एनआरव्ही हवाच, म्हणजे पाणी उलटं चढून पितळेपर्यंत पोचणार नाही. नळाचंही तेच. हार्डवेअरच्या दुकानातला चमकणारा नळ आतून पितळेचा असतो, वर नुसता मुलामा. दुकानदार 'स्टीलच आहे' म्हणाला तरी लोहचुंबकाच्या भरवशावर राहू नका, ३०४ लाही चुंबक धरत नाही आणि पितळेलाही नाही. वजन आणि आतल्या आट्यांचा रंग बघा, पिवळसर दिसला की परत करा.

भोक पाडायचं ते दारातच. फ्रिजच्या बाजूंत नाही, वर नाही, मागे तर नाहीच. तुमच्या फ्रिजला मागे जाळी आहे म्हणजे गरम नळ्या बहुतेक तिथेच आहेत, पण दाराच्या चौकटीतूनही एक गरम नळी फिरवलेली असू शकते, दाराच्या कडेला पाणी सुटू नये म्हणून. नव्या फ्रिजमध्ये जाळी दिसत नाही, नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याला आतून चिकटवलेल्या असतात. मी एकदा घाईत बाजूने ड्रिल घातलं आणि तीन सेकंदांत फुस्स आवाजाबरोबर गिऱ्हाइकाचा फ्रिज संपला. त्याला दुसरा भरून द्यावा लागला. कॉम्प्रेसरवरचं स्टिकर वाचा, त्यावर फ्रिजमधल्या गॅसचं नाव असतं. आर १२ किंवा आर १३४ए असेल तर नुकसान फक्त पैशांचं. आर ६००ए असेल तर तो आयसोब्युटेन, पेट घेणारा, आपल्या लायटरमधल्या गॅसचा भाऊ. तिथे ड्रिलची ठिणगी महागात पडते. दारात मात्र नळी नसते, नुसता पत्रा, पफ (थंडी धरणारा फोम) आणि आतलं प्लॅस्टिक.

आधी वायर काढा. दाराच्या आतून ३ मिलिमीटरचं ड्रिल सरळ आरपार घाला, म्हणजे बाहेरची जागा नेमकी मिळेल. मग होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) बाहेरून पत्र्यात आणि आतून प्लॅस्टिकमध्ये वेगवेगळा चालवा. एकाच बाजूने दाबत गेलात तर आतलं प्लॅस्टिक तडकतं, जुनं झालेलं असतं. हळू चालवा, पत्रा तापला की रंग फुगतो. भोकाच्या कडेला प्रायमर लावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज चढेल. भोकात पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून दोन्हीकडून सिलिकॉन भरा. हे चुकवू नका. नळाच्या दांड्यावर घाम सुटतो, तो पफमध्ये मुरला की दार जड होतं आणि त्या जागेला बाहेरून दव धरतं. नळाची उंची अशी ठेवा की खाली लोटी मावेल. ग्लास सगळेच धरतात, पण घरच्या माणसांना लोटीच लागते.

नळापर्यंतची नळी लोक आखूड ठेवतात आणि मग तक्रार करतात की ग्लासात फेसच फेस, सोडा मिळमिळीत. केगमध्ये ३० पीएसआय, ग्लासाच्या तोंडाशी शून्य. एवढा उतार एका झटक्यात झाला की गॅस सगळा नळाशीच उडून जातो. त्याला लांबचा रस्ता द्यायचा. ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी बारा ते पंधरा फूट घ्या, वेटोळं करून केगच्या अंगावर टाका, फ्रिजच्या आत. पाणी तिच्या भिंतीला घासत येतं, दाब वाटेत जिरतो, नळाशी शांत पोचतं. आणि नळ पूर्ण उघडा. अर्धा उघडून 'हळू सोडू' म्हणणाऱ्याला नेहमी फेसच मिळतो. पहिला ग्लास तरीही थोडा फसफसेल, कारण नळ बाहेर ४० अंशांत तापलेला असतो.

पाणी आरओचं किंवा चांगलं गाळलेलं वापरा. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात क्षार इतके असतात की ते सोड्याचा आंबटपणाच मारून टाकतात, गॅस असूनही चव सपाट लागते. आरओचं पाणी उलट फारच पोकळ लागलं तर १९ लिटरला चिमूट-दोन चिमूट खाण्याचा सोडा आणि तेवढंच मीठ. लिंबू, जिरं, साखर, कोकम काही केगमध्ये टाकायचं नाही, ते ग्लासात. एकदा साखर नळीत गेली की मुंग्या आणि बुरशी दोघांना घर मिळतं.

गार करण्याचा हिशेबही ठेवा. १९ लिटर पाणी ३५ वरून ४ अंशांवर आणायचं तर अडीच हजार किलोज्यूलच्या आसपास उष्णता काढावी लागते. लहान फ्रिज शंभरेक वॅटने ती ओढतो असं धरलं तरी सात तास, आणि बाहेर ४३-४४ असताना त्याचं निम्मं बळ भिंतीतून येणाऱ्या उष्णतेशी भांडण्यातच जातं. म्हणून एक दिवस धरा. माझी पद्धत अशी की पाणी रात्री माठात ठेवायचं. आपल्या कोरड्या हवेत माठ फुकटात आठ-दहा अंश उतरवून देतो, म्हणजे फ्रिजचं तिसरा हिस्सा काम झालं. सकाळी ते पाणी केगमध्ये, वर चार बोटं जागा सोडून.

पाणी गार झालं की गॅस जोडा, ३० वर ठेवा आणि लगेच रिलीफची कडी तीन-चार वेळा ओढा. आतली हवा घालवायची असते. ती राहिली तर मीटर ३० दाखवतं, पण त्यातला वाटा हवेचा असतो आणि सोडा बनत नाही. 'सगळं बरोबर केलं तरी गॅस लागत नाही' असे जे फोन येतात त्यातले निम्मे इथेच सुटतात. मग साबणाचा फेस ब्रशने प्रत्येक जोडाला लावा, बुडबुडा एकही नको. आता घाई नसेल तर चार-पाच दिवस तसंच सोडा, गॅस आपोआप मुरेल. घाई असेल तर केग मांडीवर आडवं घेऊन, गॅस जोडलेलाच ठेवून, दहा मिनिटं पाळण्यासारखं झुलवा. बाटला मात्र उभाच. आत गॅस ओढला जाताना रेग्युलेटरचा सूं आवाज येतो, तो मंद होत बंद झाला की झालं. नंतर तासभर निवू द्या.

एक लिटर झणझणीत सोड्याला साधारण ८ ग्रॅम गॅस जातो. कागदावर दोन किलोच्या बाटल्यात अडीचशे लिटर निघतात. हवा काढणं, केग बदलणं, पोरांनी कडी ओढून बघणं हे सगळं धरून दीडशे निघाले तरी खूश राहा.

दर भरण्याला केग कोमट पाण्याने धुवा, आठवड्याला नळाचं तोंड खोलून ब्रश फिरवा. तिथेच बाहेरची धूळ आणि ओल एकत्र येते. वीज गेली तर दार उघडू नका. नळ बाहेर असल्याचा हाच मोठा फायदा, आतलं १९ लिटर गार पाणी बर्फाच्या लादीसारखं पुढचे कित्येक तास धरून ठेवतं.

पैशाचं म्हणाल तर फ्रिज फुकट असूनही हे स्वस्त नाही. केग, रेग्युलेटर आणि स्टेनलेसचा नळ, खर्च या तीन गोष्टींत आहे आणि तिथेच काटकसर करायची नाही. आधी हौस किती आहे ते तपासायचं असेल तर एक लहान प्रयोग करा. कोल्ड्रिंकची दोन लिटरची जाड बाटली, तिच्या झाकणाला बसणारी गॅसची टोपी, बाटला आणि रेग्युलेटर. पाणी गार करून भरा, बाटली दाबून हवा काढा, ३० पीएसआय द्या, हलवा. बाटली कोल्ड्रिंकचीच हवी, पाण्याची पातळ किंवा काचेची नाही, आणि चेपलेली किंवा उन्हात पडलेलीही नाही. बाटला आणि रेग्युलेटर पुढे केगला कामाला येतातच, वाया काही जात नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की आखाजीनंतर घरात लग्न आहे, पाचशे माणसांना पुरेल का. नाही पुरणार. १९ लिटरचे २०० मिलिलिटरचे ९५ ग्लास होतात, आणि पुढचं केग तयार व्हायला दिवस जातो. लग्नाला सोड्याची गाडी सांगा. तिच्यावर पंप आणि चिलर असतो, ते वेगळंच प्रकरण. या मशीनवर हळदीच्या रात्री घरचे पंधरा-वीस जण भरीत-भाकरी खाऊन बसतील तेवढं बघा, त्यांना ते पुरून उरेल.